हाताचं वय

माझं कामच मुळी वय वाचायचं.
कॉड माशाच्या कानात एक खडा असतो,
पावट्याच्या बीएवढा.
तो मधोमध कापायचा, भिंगाखाली धरायचा
आणि कडेपर्यंत मोजत जायचं:
रुंद उन्हाळा, बारीक हिवाळा, पुन्हा उन्हाळा.
इसाफ्योर्दुरच्या बंदरावर वीस वर्षं हेच करतेय.
चुकलेच तर एखाद्या वर्षाने चुकते.

काल रेकयाविकला
माझ्या मुलाचा डावा हात कुणीतरी वाचला.
काळ्या पडद्यावर पाच बोटं,
पेरापेरांत अजून फटी.
डॉक्टरीण म्हणाली, हा हात साडेबारा वर्षांचा आहे.
ह्लिनूरला पंधरा पूर्ण होऊन चार महिने झाले.
मी मनात वजाबाकी केली, पुन्हा केली,
आणि ओशाळले,
जणू मधली वर्षं मीच कुठे ठेवून विसरले होते.

टेबलावर लाकडी मण्यांची माळ होती,
लहान मण्यापासून अंड्याएवढ्या मण्यापर्यंत.
मला वाटलं, बाळांचं खेळणं.
मग कळलं कशाशी काय ताडून बघतात ते.
मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानेही.
मला जरा बाहेर बसायला सांगितलं.

आधी टॉवेल कोरडा यायला लागला होता.
तलावावरून घरी येताना केस ओले,
नळाखाली धरलेले,
आणि टॉवेल सकाळच्या घडीसारखाच्या तसा.
इथे पाण्यात उतरण्याआधी
सगळ्यांनी सगळ्यांसमोर कपडे काढून अंघोळ करायची असते.
लहानपणी मीही केली, कधी मनात आलं नाही
की कुणाला तो दरवाजा एवढा जड होईल.

ओर्रीचा आवाज फुटला मे महिन्यात,
ट्रॉलरचं थंड इंजिन सुरू व्हावं तसा.
ओर्रीला मिसरूड फुटलं.
ओर्री दारात वाकून आत येऊ लागला,
मग येईनासाच झाला.
नणंद म्हणाली, शार्कच्या यकृताचं तेल दे.
दिलं. केस तेवढे चकाकले.

ह्लिनूर म्हणजे मेपल.
नाव ठेवताना ब्यार्की हसला होता,
या फ्योर्डात मेपल वाढतो होय?
हल्ली रात्री मला तेवढंच ऐकू येतं.

आमच्या भागातला मासा उशिरा वयात येतो,
थंड पाण्याचा आहे, त्याला घाई नसते.
हे मी शाळेच्या सहलींना दरवर्षी सांगते,
अगदी सहज, हातमोजे काढता काढता.

डॉक्टरीण म्हणाली, वाट पाहू. सहा महिन्यांनी या.
परतीच्या छोट्या विमानात
त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.
माझा हात त्याच्या हाताशेजारी होता.
धरला नाही.

रात्री ब्यार्कीला सगळं सांगितलं.
तो कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला. म्हणाला,
पहिल्या हिवाळ्यात बोटीवर मी रोज दाढी करायचो,
सगळ्यांच्या देखत, साबण लावून.
हनुवटीवर काही म्हणजे काहीच नव्हतं.
अठरा वर्षांचा होतो.
एकोणीस वर्षं या माणसाशेजारी झोपतेय.
म्हटलं, हे त्याला सांग.
तो म्हणाला, कसं सांगू?
मग कूस बदलून पुन्हा, कसं सांगायचं असतं?

सकाळी गॅरेजमध्ये दोघं जाळ्याची गाठ सोडवत होते.
बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही.
ब्यार्कीने हनुवटीवर बोट फिरवलं एवढं दिसलं,
आणि ह्लिनूर हसला, की शिंकला.

दुपारी फोन वाजला.
तो फोन घेत नाही वर्षभर,
पलीकडून कुणीही म्हणतं, काय गं स्वान्हिल्दुर, कशी आहेस?
माझे हात पिठात होते.
चौथ्या घंटीला त्याने उचलला.
थोडी शांतता. मग तोच बारीक,
माझ्याच गळ्यातून उसना घेतल्यासारखा आवाज:
"नाही, मी ह्लिनूर बोलतोय.
आई कामात आहे. निरोप सांगा."